बाराची फेरी

१

बंदरात मला सगळे फूटपट्टी म्हणतात. तसं म्हणण्यासारखं मी काही केलेलं नाही. एकदा एका कंटेनरचं सील वाकडं दिसलं म्हणून ट्रक चाळीस मिनिटं अडवून ठेवला होता, एवढंच. फाटकाबाहेर रांग लागली, साहेबांना जेवण सोडून यावं लागलं. सील वाकडंच होतं, बाकी काही नव्हतं. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, या माणसाला भास होत असतील. मला भास होत नाहीत. मला कुलपं, नंबर आणि वेळा लक्षात राहतात आणि त्यापलीकडे फारसं काही सुचत नाही, असं माझी बायकोच म्हणते.

मुख्य फाटकात समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला वजनकाटा, तपासणीची शेड आणि कंटेनरचं मैदान. उजव्या हाताला तेलाच्या टाक्या, मालगाडीचे रूळ आणि जुनी गोदामं. मधोमध गोदीचं पाणी, तिथे जहाजं माल उतरवतात. या सगळ्याला वळसा घालून कुंपण जातं. जमिनीकडे भिंत आणि वर काटेरी तार, समुद्राकडे दगडी बांधावर जाळी. कुंपणाला लागून पायवाट आणि वाटेवर अठ्ठावीस खांब, प्रत्येकावर डावीकडून सुरू होणारा नंबर, दिवा आणि कॅमेरा. चौदा नंबरचा खांब गोदीच्या दारापाशी आहे. जहाज आत घ्यायचं तेव्हा हे लोखंडी दार उघडतं, एरवी बंद असतं आणि त्याच्या माथ्यावरून चालत पलीकडे जाता येतं. ती वाट इतकी अरुंद की दोन माणसांना पोट आत घेऊनच एकमेकांना ओलांडावं लागतं.

रात्री कुंपणाच्या बाहेरून जीप फिरते, दिवसा ती शिट्टी ऐकू आली तरच येते. पायी फेरी दिवसातून एकदाच, दुपारी बाराला. फेरीला दोघं असतात आणि काठ्या दोन असतात. लाल पट्ट्याची काठी घेऊन मी डावीकडून निघायचं, निळी घेऊन माझा मेहुणा उजवीकडून. चौदाला दारावर भेटायचं, काठ्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या दिशेने पुढे चालत राहायचं. म्हणजे डावीकडून गेलेली काठी डावीकडूनच परत येते, पण दुसऱ्याच्या हातात. फाटकावर रजिस्टरवाल्या मॅडम काठीचा रंग बघून सही घेतात. कोणी मधूनच माघारी फिरलं तर काठीवरून कळतं. आणि फेरीच्या वेळी वाटेवर बिनकाठीचा माणूस दिसला तर तो आपला नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, शिट्टी वाजवायची आणि चालत राहायचं. बाकीचं जीपवाले बघतात.

माझा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बंदरात त्याला उंट म्हणतात, कारण तो उंच आहे आणि मान पुढे काढून चालतो. त्याचा संसार दारूने खाल्ला. दोन वर्षांपूर्वी ड्युटीवर पिऊन झोपलेला सापडला, तेव्हा साहेब त्याला काढायलाच निघाले होते. मी लेखी हमी दिली, याने पुन्हा घेतली तर आम्हा दोघांनाही घरी पाठवा. तो आमच्याकडेच राहायला आला. तेव्हापासून त्याने थेंब घेतला नव्हता. बायको मला एकच सांगायची, ‘माझ्या भावाला एकटं सोडू नका.’ मी तिला छाती ठोकून सांगायचो की माझ्या नजरेतून सुटेल असं काही या बंदरात नाही.

२

सहा वर्षं रोज तीच फेरी केली की माणूस समोरच्याकडे बघत नाही. बाराचं ऊन, दोन्ही बाजूंना पाण्याची चमक, टोपी डोळ्यांवर ओढलेली. मला फक्त समोरून येणारे बूट आणि काठी दिसायची. मी विचारायचो, ‘सगळं जागेवर?’ तो म्हणायचा, ‘जागेवर.’ हातातून हातात काठी जायची आणि आम्ही पुढे. मी नुसता हात पुढे करायचो, बाकीचं हाताला पाठ होतं.

त्या मंगळवारी समोर बूट दिसले तेव्हा मी तेराच्या खांबापाशी होतो. दारापर्यंत अजून दोन मिनिटांची वाट होती. मी काठी दिली, त्याची घेतली आणि म्हणालो, ‘आज पाय फार चालतायत तुझे.’

तो म्हणाला, ‘जागेवर.’

मी तर विचारलंच नव्हतं. पण उन्हात माणसाचं लक्ष नसतं, मी पुढे गेलो. फेरी झाल्यावर कँटीनमध्ये त्याला चिडवलं, ‘कसली रे घाई? कोणी वाट बघत बसलंय का?’

‘घाई तुम्हाला, दाजी,’ तो हसून म्हणाला आणि माझ्या ताटातली मिरची उचलून घेतली. त्याची ही सवय मला आवडत नसे, त्यामुळे विषय मिरचीवर गेला.

बुधवारी तो बाराच्या खांबाशी भेटला. गुरुवारी अकराच्या.

३

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? जो माणूस फेरी भराभर उरकतो त्याला दुसरीकडे कुठेतरी जायचं असतं. गोदामांच्या मागे बाटली लपवायला शंभर जागा आहेत, त्या सगळ्या मला पाठ आहेत. हमी दिल्यापासून मी कँटीनमध्ये काही ना काही निमित्त काढून त्याच्या तोंडाजवळ वाकायचो, आता रोज वाकायला लागलो. कधी मिठाची बाटली घ्यायला, कधी बुटाची नाडी बांधायला. चहाचा वास यायचा आणि पेपरमिंटचा. पेपरमिंट माणूस उगाच खात नाही, असं मी मनाशी म्हटलं. हे मी कोणाला बोललो नाही, बायकोला तर नाहीच. आपल्याच माणसाचं तोंड चोरून हुंगणं काही बरं दिसत नाही.

गुरुवारी फेरीनंतर मी कॅमेऱ्याच्या खोलीत गेलो. तिथे जो बसतो त्याला आम्ही डोळे म्हणतो. खोली थंड, अंधारी, भिंतीभर पडदे. समुद्राकडचे तीन कॅमेरे, तेरा, चौदा आणि पंधरा, महिनाभर बंदच होते. खारा वारा त्यांना खातो. पण आता त्या तिघांच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन दोन पडदे काळे दिसत होते.

‘काल बारा आणि सोळा गेले,’ डोळे म्हणाला. ‘आज अकरा आणि सतरा. दुरुस्तीवाल्याला सांगितलंय. मीठच आहे, दुसरं काय असणार?’

मी त्याला त्या दिवशीची फेरी लावायला सांगितली. दहाच्या कॅमेऱ्यात मी चालत आलो आणि चौकटीतून बाहेर गेलो. मग अठराच्या कॅमेऱ्यात मी पुन्हा आलो. तेवढ्या वाटेला सोळा मिनिटं लागतात. खालच्या घड्याळाप्रमाणे मला एकोणतीस लागली होती.

‘गुडघा दुखतोय का?’ डोळ्याने विचारलं.

मी मेहुण्याची फेरी लावायला सांगितली. तो अठराला आत गेला आणि दहाला बाहेर आला. त्यालाही एकोणतीस.

रजिस्टर बघितलं. आमची फेरी छप्पन मिनिटांची. मंगळवारपासून आम्ही रोज तेरा मिनिटं उशिरा येत होतो. मॅडम म्हणाल्या, ‘ऊन आहे म्हणून मी काही बोलले नाही.’ मला त्यांचा राग आला आणि त्याहून स्वतःचा. दुसऱ्याचा ट्रक मी चाळीस मिनिटं अडवतो आणि माझीच तेरा मिनिटं कुठे गेली ते मला माहीत नव्हतं.

४

ड्युटी संपल्यावर आम्ही बसथांब्याच्या बाकावर बसलो होतो. मी सरळच विचारलं, ‘तू अकराच्या खांबापर्यंत कशाला येतोस?’

‘मी?’ तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘दाजी, तुम्ही सतरापर्यंत येता. परवा पंधराला भेटलात, काल सोळाला, आज सतराला. मी म्हटलं, म्हाताऱ्याला कसला जोर चढलाय.’

मी त्याला म्हातारा कोण ते विचारलं नाही. बाकासमोरच्या धुळीत बोटाने कुंपण काढलं. इथे मी कोणाला तरी काठी दिली. इथे त्याने कोणाला तरी काठी दिली. मधे सहा खांबांची वाट आणि त्या वाटेवर दार.

‘म्हणजे मला भेटतात ते तुम्ही नाही,’ तो म्हणाला.

‘आणि मला भेटतो तो तू नाहीस.’

‘पण मग आपण दोघं पुढे कसे जातो? दार तर एकच आहे. मला ओलांडल्याशिवाय तुम्ही फाटकावर पोचणारच नाही.’

मी म्हणालो, ‘रोजची वाट आहे. कोण लक्षात ठेवतं?’ घराला कुलूप लावल्याचं कुठे आठवतं, तरी ते लावलेलं असतंच. पण बोलता बोलता मी आठवायला बघत होतो. त्या दिवशीचा अकराचा खांब आठवत होता. त्याखाली तुटकी दोरी पडली होती. मग एकदम सतराचा खांब आणि त्यावर बसलेला पांढरा पक्षी. मधलं काहीच नव्हतं. दारावरून चालताना पायाखाली लोखंड वाजतं, तो आवाजही आठवत नव्हता.

‘तुला आठवतं?’ मी विचारलं.

त्याने मान हलवली. त्याच्या हातात पेपरमिंटची पुडी होती, ती तो नुसती चुरत बसला होता. ‘साहेबांना सांगू या, दाजी. उद्यापासून फेरीला जीप न्या म्हणू.’

‘साहेब आधी तुझ्या तोंडाला नळी लावतील.’

‘लावू देत. मी घेतलेली नाही.’

‘मग विचारतील, डोकं ठिकाणावर आहे का. आणि ज्याने हमी दिली त्याचं कुठे आहे तेही विचारतील.’

त्याने पुडी खिशात टाकली. हमीचा विषय काढला की तो नेहमीच वाद सोडून द्यायचा आणि मला ते माहीत होतं.

मग मी नियम केला. नियम करायला मला आवडतं. चौदाच्या आधी कोणी कितीही मागू दे, काठी द्यायची नाही. दारावर यायचं, टोपी काढायची, चेहरा बघायचा. मी विचारायचं, ताई तुला काय म्हणते. हा एवढा सहा फुटी माणूस, पण माझी बायको त्याला अजून चिमण म्हणते आणि हे घराबाहेर कोणाला माहीत नाही. त्याने उत्तर दिलं की मगच अदलाबदल. आणि ज्याच्या हातात काठी नाही, तो आपला नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही.

‘तुम्ही असलात तरी?’ त्याने विचारलं.

‘मी असलो तरी. काठी हातातून सुटली तर तो मी नाहीच, असं समज.’

त्याला ते पटलं. खरं तर मी सांगितलेलं त्याला नेहमीच पटायचं.

५

शुक्रवारी बाराला आम्ही निघालो. मी प्रत्येक खांब मोठ्याने मोजत होतो, म्हणजे विसरायला नको. मैदानात कंटेनर उचलण्याचा आवाज, थंड कंटेनरांच्या रांगेची घरघर, आठच्या पुढे बांध आणि नुसतं पाणी. दहाच्या खांबाशी समोर बूट दिसले.

माझा हात आपोआप पुढे गेला. मी तो मागे ओढला आणि काठी छातीशी धरली. वर बघितलं नाही. तोंड जाळीकडे करून त्याच्या बाजूने गेलो. तो थांबला. मी थोडा पुढे गेल्यावर मागून आवाज आला, ‘जागेवर, दाजी.’

आवाज हुबेहूब त्याचा होता. मी धावलो नाही. धावायला लागलो असतो तर थांबता आलं नसतं. अकरा, बारा, तेरा, मी ओरडून मोजत होतो आणि घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मग पायाखाली लोखंड वाजलं. त्या आवाजाने मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

दाराच्या मधोमध मेहुणा उभा होता. टोपी हातात, केस घामाने चिकटलेले, दुसऱ्या हातात निळी काठी.

‘ताई तुला काय म्हणते?’

‘चिमण,’ तो म्हणाला.

मी त्याला काठी दिली, त्याची घेतली. ‘झालं बघ,’ मी म्हणालो. ‘नियम पाळला की काही होत नाही.’ तो हसला. आम्ही पोट आत घेऊन एकमेकांना ओलांडलं. रोज त्याचं कोपर माझ्या बरगडीत लागायचं आणि मी त्याला शिवी घालायचो. त्या दिवशी ते लागलं नाही. मी सहज पुढे गेलो.

सोळाच्या खांबापाशी कोणीतरी माझ्याकडे धावत येत होतं. डोक्यावर टोपी नाही, हातात काठी नाही.

‘दाजी! दाजी, थांबा. काठी गेली माझी. मी दिली नाही हो, शपथ, हिसकावून घेतली. तुमच्याच हातांनी घेतली.’

मी शिट्टी तोंडात धरली आणि चालत राहिलो. बघायचं नाही, बोलायचं नाही. तो माझ्या बाजूने उलटा चालायला लागला, मला हात न लावता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. ‘माझ्याकडे बघा तरी. तुम्हीच नियम केलात ना, मग तुम्हीच मोडा. चिमण, दाजी, चिमण म्हणते ती मला.’

मी शिट्टी वाजवली. नाव दारावरच्यानेही सांगितलं होतं आणि त्याच्याकडे काठी होती.

‘मला इथे सोडून जाऊ नका. मी घेतलेली नाही. तोंड हुंगा माझं. रोज चोरून हुंगता ना, मिठाची बाटली घ्यायच्या निमित्ताने? आज सरळ हुंगा.’

मी आणखी जोरात शिट्टी वाजवली. तो बोलत राहिला, पण शिट्टीत मला पुढचं ऐकू आलं नाही. अठराच्या खांबाशी त्याचे बूट थांबले. मी थांबलो नाही.

विसाच्या खांबापर्यंत गेलो आणि तिथे शिट्टी तोंडातून काढली. मिठाच्या बाटलीचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. ते दोनच माणसांना ठाऊक असणार, हुंगणाऱ्याला आणि ज्याला हुंगलं जात होतं त्याला. नाव घरातून कुठे बाहेर गेलं असेल, काठी कोणी हिसकावली असेल, पण हे त्याने मनात ठेवलं होतं आणि मला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मी वळलो. वाट रिकामी होती, दारापर्यंत सरळ रिकामी. मी धावत मागे गेलो, त्याला हाका मारत. शिट्टी ऐकून जीप आली, ड्रायव्हर माझ्याबरोबर दारापर्यंत चालत आला. त्याने जाळी बघितली, दगडांत वाकून बघितलं.

‘कोणी नाही हो,’ तो म्हणाला. ‘मी लांबून बघत होतो. तुम्ही एकटेच शिट्टी वाजवत येत होतात.’

६

जीपने मला फाटकावर सोडलं तेव्हा मेहुणा कँटीनच्या पायरीवर चहा पीत बसला होता. लाल काठी मॅडमच्या टेबलावर होती आणि त्याची सही झालेली होती. तो बरोबर छप्पन मिनिटांत आला होता.

‘सोळाला कोण भेटलं तुला?’ मी विचारलं.

‘कोणी नाही. सगळं जागेवर,’ तो म्हणाला.

तो आमच्या घरी राहतो. त्या शुक्रवाराला आता चार महिने झाले. त्याने न्हाणीघरातला गळका नळ बदलला, माळा आवरला, ताईला बाजारातून पिशव्या आणून देतो. माझ्या ताटातली मिरची उचलत नाही. बायको खूश आहे. परवा कपड्यांच्या घड्या करताना ती म्हणाली, ‘तुम्ही होतात म्हणून माझा भाऊ मला परत मिळाला,’ आणि पदराने डोळे पुसले. मी तिला काय सांगू? काय आणलं आहे मी तिच्या घरात, ते मलाच माहीत नाही.

बुद्धी म्हणते, अरे मूर्खा, काठी बरोबर, चेहरा बरोबर, नाव बरोबर. वाटेवर आला तोच खोटा होता आणि तू वाचलास. मी तिचं ऐकायला बघतो. दिवसा ऐकतोही. पण रात्री जेवताना तो माझ्या शेजारी बसतो, मी पाण्याचा तांब्या घ्यायला वाकतो आणि तो अजिबात मागे सरत नाही. पूर्वी तो थोडा मागे सरायचा. मला वाटायचं, अपराधी आहे म्हणून सरतो. बिचाऱ्याला नुसता अपमान वाटत असेल.

कॅमेरे हळूहळू सुरू झाले. फक्त तेरा, चौदा आणि पंधरा अजून बंद आहेत. काठ्यांची अदलाबदल चौदाला, दारावरच होते. तो तिथे वेळेवर असतो आणि वेळेवर फाटकावर जातो. उशीर फक्त मला होतो. तेरा मिनिटं, रोज. दारावर काठी हातात घेतल्याचं आठवतं आणि मग एकदम सोळाचा खांब. मधलं नाही.

मात्र फाटकावर येतो तेव्हा माझा घसा बसलेला असतो आणि शर्टाची डावी बाही कोपरापाशी ताणलेली असते. दोनदा शिवण उसवली. बायकोने शिवताना विचारलं, ‘कोणावर एवढं ओरडता?’ आतल्या खोलीतून तो म्हणाला, ‘दाजी तर तोंडातून शब्द काढत नाहीत, ताई.’

एवढ्यावर मी धीर धरून होतो. कारण बाही ताणलेली म्हणजे कोणीतरी मला धरतं, आणि घसा बसलेला म्हणजे मी त्याच्याशी बोलतो. मी त्याला सांगत असेन की चल, घरी चल, मी चुकलो. त्यासाठीच मी जात होतो. सात महिन्यांत मी निवृत्त होणार आहे. साहेब दोनदा म्हणाले, ‘अहो, उन्हात कशाला मरता, फाटकावर खुर्ची टाकून बसा.’ मी दोन्ही वेळा नाही म्हणालो.

७

काल क्रेनवाला भेटला. पाठीच्या ऑपरेशनमुळे तो पाच महिने रजेवर होता, सोमवारी परत आला. त्याची केबिन दहा मजले उंच आहे आणि तिच्या काचेतून गोदीचं दार समोर दिसतं. कँटीनमध्ये तो माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, ‘काय फूटपट्टी, फेरीला आता तिघं असता का?’

मी म्हणालो, ‘दोघंच.’

‘मग तो तिसरा कोण? दारावर उभा असतो तो, उंच, उघड्या डोक्याचा? उंट तुम्हाला काठी देऊन पुढे जातो ना, त्यानंतर तो येतो. कुठून येतो ते दिसत नाही, ऊन डोळ्यांवर येतं.’

मी घास परत ताटात ठेवला. ‘काय करतो तो?’

‘हातापाया पडतो तुमच्या, बिचारा. बाही धरतो. सोमवारी धरली, काल धरली, आजही. बराच वेळ चालतं तुमचं.’

‘आणि मी?’

क्रेनवाल्याने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. मी थट्टा करतोय असं त्याला वाटलं असावं. ‘तुम्ही काय? एका हातात काठी गच्च धरलेली असते तुम्ही, दुसरा हात हिसडून सोडवता. शिव्या देता की काय देता, वरपर्यंत ऐकू येत नाही. मग शिट्टी काढता आणि ती वाजवत निघून जाता. तो तिथेच बसून राहतो.’

म्हणजे चार महिने हे चाललं आहे. रोज मी त्याला पुन्हा एकदा सोडून येतो आणि फाटकावर येऊन सही करतो.

आज सकाळी मी शिट्टी काढून ठेवली. फेरीला निघालो तेव्हा लाल काठी मॅडमच्या टेबलामागे ठेवली आणि त्यांच्याकडे पाठ करून नुसताच चालायला लागलो. वजनकाट्यापाशी उभं राहून खिशातल्या कागदावर हे शेवटचं लिहितो आहे. पलीकडून तो निळी काठी घेऊन निघालेला दिसला. त्याला काय द्यायचं ते मी ठरवलेलं नाही. पण आज माझे दोन्ही हात मोकळे आहेत. माझी बाही कोणी धरली तर मला त्याचा हात धरता येईल.

घरून निघताना बायकोला सांगितलं आहे की जेवायला माझ्यासाठी थांबू नकोस. ती म्हणाली, ‘भावाला तरी वेळेवर पाठवा.’

मी हो म्हणालो.